क्रिकेटपटू बाळू पालवणकर

इ. स. १८९२ च्या सुमाराची गोष्ट आहे. पुण्यातील युरोपियन लोकांच्या क्रिकेट क्लबात एक सोळा वर्षांचा मुलगा नोकरीस होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, पांढऱ्या रेषा आखाव्यात, सरावासाठी जाळ्या उभाराव्यात, ही त्याची कामे. पगार महिना चार रुपये. मैदान तो सिद्ध करी. त्यावर खेळत मात्र दुसरेच. हाच मुलगा पुढे बाळू पालवणकर या नावाने भारतातील श्रेष्ठ गोलंदाज म्हणून कीर्ती पावला.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. त्यांचे वडील लष्करी खात्यात नोकरीस होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूफळीच्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ खेळू लागले. घरची स्थिती गरिबीची. म्हणून बाळूंनी प्रथम पुण्यातील एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर काम धरले आणि तेथून ते युरोपियन क्लबात आले.

तेथील एका गोऱ्या खेळाडूने बाळूंना जाळीत चेंडू टाकण्यास सांगितले. बाळू डाव्या हाताने मंद गतीचे चेंडू टाकीत. चेंडू कधी आत वळे, तर कधी बाहेर जाई. लवकरच ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज त्यांच्यासमोर नित्य सराव करू लागले. ग्रेगना बाद केले की बाळूंना आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. बाळूंनी असे शेकडो तास गोलंदाजी केली. पण फळी काही त्यांच्या हाती कोणी दिली नाही. तरीही त्यांनी हाती आलेले काम वाया जाऊ दिले नाही. कोणता फलंदाज कोणत्या टप्प्यावर चुकतो, हे ते बारकाईने न्याहाळीत आणि दुसऱ्या दिवशी तोच टप्पा साधीत.

पुण्यातील हिंदू खेळाडूंच्या संघाला युरोपियनांशी सामना द्यावयाचा होता. बाळूंसारखा गोलंदाज संघात असावा, असे काहींना वाटे. अस्पृश्य मानलेल्या मनुष्याबरोबर खेळावे कसे, असा प्रश्न इतरांना पडे. अखेर बाळूंना संघात घेण्यात आले. परंतु ती जागा अर्धीच होती. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा. आणि विश्रांतीची वेळ होताच बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा, निराळ्या ताटात एकट्याने जेवावे, अशी रीत होती. ज्याच्या गोलंदाजीवर संघ जिंकत असे, त्यालाच संघाच्या पंक्तीत स्थान नव्हते. हा अपमान बाळूंना जाणवत नसेल, असे कसे म्हणावे? परंतु त्यांचा चेंडू कधी ढळला नाही.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईस आले. तेथे हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना स्थान मिळाले. मागोमाग त्यांचे बंधू शिवराम हेही संघात आले. १९०६ मध्ये मुंबईस हिंदू संघ आणि युरोपियन संघ यांच्यात सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जिमखान्यात ते आता इतर खेळाडूंच्या बरोबरीने जेवू लागले. खेळाने लोकांच्या मनातील एक भिंत थोडीशी खचली होती.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे २३ पैकी १५ सामने हातचे गेले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. ते परतल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांना त्यांच्याविषयी मोठा अभिमान वाटे.

एवढे होऊनही संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. वयाने आणि अनुभवाने ते ज्येष्ठ होते. पण दरवेळी दुसऱ्याचीच निवड होई. १९२० मध्ये मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी पुन्हा तसेच घडले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघात खेळण्यास उघड नकार दिला. आपली तक्रार त्यांनी संयमाने, पण स्पष्टपणे लोकांपुढे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूस झुकले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. आणि कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९२३ मध्ये तर विठ्ठल हेच कर्णधार झाले आणि हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

१९५५ मध्ये बाळू पालवणकर मुंबईत निधन पावले.

संघात नव्याने येणाऱ्याने कसे वागावे, हे बाळूंच्या आयुष्यावरून कळते. मिळेल ते काम मनापासून करावे, सराव सोडू नये, आणि अन्याय झाला तर तो शांतपणे पण निर्भयपणे सांगावा. परंतु जे आधीपासून संघात आहेत, त्यांनाही या चरित्रापासून शिकण्यासारखे आहे. नव्या गड्याचे कूळ न विचारता त्याचा खेळ पाहावा, आणि मैदानावर जो आपला, त्याला पंक्तीतही आपला मानावा.