जॉश गिब्सन : उशिरा मोजला गेलेला फलंदाज

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान अनेक दशके टाय कॉब यांच्याकडे होता. २९ मे २०२४ रोजी तो जॉश गिब्सन यांच्या नावे नोंदला गेला. त्या वेळी गिब्सन यांच्या निधनाला ७७ वर्षे उलटली होती आणि मेजर लीगच्या एकाही संघाकडून ते कधी खेळले नव्हते. ते कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळी मेजर लीगची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती.

२१ डिसेंबर १९११ रोजी जॉर्जिया राज्यात जन्मलेले गिब्सन वडिलांना पोलाद कारखान्यात काम मिळाल्याने पिट्सबर्गला आले. १९३० मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, ते होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या नामांकित संघात दाखल झाले. त्याच वर्षी जुळ्यांना जन्म देताना त्यांच्या पत्नी हेलन यांचे निधन झाले. गिब्सन मात्र खेळत राहिले. ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्‌स या दोन संघांत त्यांची बहुतेक कारकीर्द गेली. १९४० व १९४१ मध्ये ते मेक्सिकोतही खेळले.

ते कॅचर होते. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर यष्टिरक्षकाची जागा. सामनाभर गुडघ्यांवर बसून वेगवान चेंडू झेलायचे आणि वर फलंदाजीही करायची. तरीही चेंडू मैदानाबाहेर भिरकावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक त्यांना कृष्णवर्णीय बेब रूथ म्हणत. हा गौरव तसा अपुराच. २०२४ च्या नोंदींनुसार फटक्यांच्या ताकदीची गिब्सन यांची सरासरी ०.७१८ असून रूथ यांची ०.६९० आहे.

१९४३ च्या प्रारंभी ते बेशुद्ध पडले आणि मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. त्याच हंगामात त्यांनी ०.४६६ ची सरासरी गाठली, म्हणजे हजार संधींमागे ४६६ यशस्वी फटके! ग्रेजने त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही निग्रो वर्ल्ड सीरिज जिंकली. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, गिब्सन यांचे पिट्सबर्गमध्ये निधन झाले. जेमतेम तीन महिन्यांनी, १५ एप्रिल रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि वर्णभेदाची ती भिंत कोसळली.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि जुन्या नोंदींची छाननी सुरू झाली. त्यातून गिब्सन यांची सरासरी ०.३७२ ठरली, कॉब यांची ०.३६७ आहे. कॉब तीन हजारांहून अधिक सामने खेळले, तर गिब्सन यांचे ग्राह्य धरलेले सामने सहाशेच्या आसपास आहेत, असा आक्षेप काही जाणकार घेतात. आक्षेप निराधार नाही. परंतु सामने कमी भरले, यात गिब्सन यांचा दोष कोणता? त्यांचे संघ पोटासाठी गावोगाव फिरून वर्षभर खेळत. त्यांपैकी लीगचे सामने मोजकेच असत आणि तेवढेच आज मोजले जातात.

१९७२ मध्ये कूपरस्टाउन येथील हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हा पिट्सबर्गमधील त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो १९७५ मध्ये बसवण्यात आला. हॉल ऑफ फेममधील त्यांच्या फलकावर होम रनची संख्या जवळपास ८०० दिली आहे. अधिकृत नोंदीत ती दोनशेच्याही आत आहे.