पोर्टना नंबर देणारा माणूस : जॉन पोस्टेल

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागात बहुतेक जण कविता देतात, पण मला काही ती जमत नाही. म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते.

आमचं घर नागपूरला, हुडकेश्वरला. मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवरच्या फाइल्स हॉस्टेलवरून काढता याव्यात म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट राउटरवर आणि फायरवॉलमध्ये उघडून ठेवला. काम झालं आणि मी चक्क विसरून गेले! पुढच्या सुटीत सहज लॉग उघडला तर पोटात गोळाच आला. कुठल्या कुठल्या लोकांनी ओळीनं पासवर्ड टाकून बघितले होते, अगदी रात्रंदिवस. बाबांची बँकेची सगळी कामं त्याच कॉम्प्युटरवर होतात. नशीब, आत कोणी शिरलं नव्हतं. पोर्ट बंद केला, बाबांची बोलणी खाल्ली, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. हे पोर्टचे नंबर मुळात ठरवले कोणी? शोधता शोधता जॉन पोस्टेल भेटले.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या ऑल्टाडेना गावचा. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर ज्या व्हॅन नाईज हायस्कूलमध्ये शिकले, तिथलेच हेही विद्यार्थी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ साली ते आपल्यासारखेच इंजिनिअरिंगचे पदवीधर झाले, १९६८ ला मास्टर्स आणि १९७४ ला कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवरचा पहिला संदेश याच विद्यापीठातून निघाला. त्या लॅबमधल्या पोरांमध्ये पोस्टेलही होते. लांब दाढी, पायात सँडल आणि सुटी मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरात भटकंती!

आता त्यांचं काम समजायला थोडं हुडकेश्वरला येऊ. आमच्याकडे ले-आऊट असतात आणि घर सापडतं ते प्लॉट नंबरवरून. कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस म्हणजे प्लॉट नंबर समजा. पण एकाच घराला समजा ६५,५३६ दारं असली तर? मेलवाल्यानं कुठलं ठोठवायचं, वेबवाल्यानं कुठलं? या दारांचे नंबर म्हणजे पोर्ट. प्रत्येकानं मनाला येईल तो नंबर घेतला असता तर सगळा गोंधळच झाला असता.

हे पोस्टेल यांनी फार लवकर ओळखलं. मे १९७२ मध्ये, अजून विद्यार्थी असतानाच, त्यांनी लिहून सुचवलं की असे नंबर एकाच माणसानं वाटावेत, आणि तो माणूस म्हणजे मीच! ना पगार वाढला, ना खुर्ची मिळाली. पण ती यादी त्यांनी मरेपर्यंत सांभाळली. फाइल पाठवायला २१, टेलनेटला २३, मेलला २५, नावं शोधायला ५३, वेबला ८०. १९७७ पासून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते. पुढे या कामाला इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी, म्हणजे आयाना, असं भारदस्त नाव मिळालं. प्रत्यक्षात ते स्वतः, जॉयस रेनॉल्ड्स आणि मोजके सहकारी. जुलै १९९५ मध्ये फिनलंडच्या तातु युलोनेन यांनी एसएसएचसाठी २२ नंबर मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मिळाला. नाहीतर आपल्याला बोनाफाईड काढायला किती दिवस लागतात ते आठवा!

आपण पेपरात लिहितो ते यूडीपी १९८० साली पोस्टेल यांनी अवघ्या तीन पानांत मांडलं. १९८१ च्या आयपी आणि टीसीपीच्या दस्तऐवजांचे संपादक तेच. १९८२ चं एसएमटीपीही त्यांचंच. त्यांचं एक तत्त्व आजही शिकवतात. पाठवताना काटेकोर राहा आणि घेताना मन मोठं ठेवा, असा त्याचा अर्थ. तेव्हा नेटवर्कवर सगळे ओळखीचे होते, त्यामुळे ते शोभलं. पुढे गाव वाढलं आणि चोरही आले. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म १३५ नंबरच्या दारातून लाखो घरांत शिरला. वर्षभरानं, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून, फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तरी मे २०१७ ला वॉनाक्राय ४४५ मधून घुसलाच.

पोस्टेल यांच्या हाती किती सत्ता होती, हे जानेवारी १९९८ मध्ये दिसलं. डोमेन नावांचा कारभारही आयानाकडेच होता. पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना मेल केला की मूळ यादी आता माझ्याकडून घ्या, आणि त्यांनी ती घेतली! अमेरिकन सरकार खवळलं. थोड्याच दिवसांत पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं. त्यांनी बरोबर केलं की चूक, यावर अजून वाद होतो. मला इतकंच वाटतं की जगाची यादी एका माणसाच्या भरवशावर फार काळ राहू शकत नाही, भलेही तो माणूस कितीही सज्जन असो. हे त्यांनाही कळत असावं, कारण त्याच वर्षी ते हे काम आयकॅन या नव्या संस्थेकडे सोपवायच्या मागे लागले होते. संस्था सप्टेंबरअखेर स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९९८ ला हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत पोस्टेल गेले. वय फक्त ५५.

त्यांनी दारांना नंबर दिले, पण कड्या लावायचं काम आपल्याकडे आहे. आता मी घरी गेले की कमांड प्रॉम्प्टवर नेटस्टॅट मारते आणि कोणता प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर ऐकत बसलाय ते बघते. फायरवॉलचे आत येणारे नियम आणि राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग एकेक करून तपासते. ज्याचं कारण सांगता येत नाही, ते बंद. जे उघडं ठेवायचं ते वहीत लिहिते : नंबर, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत.

पोस्टेल यांनी अख्ख्या जगाची यादी जवळजवळ तीस वर्षं सांभाळली. आपल्याला फक्त आपल्या घराची सांभाळायची आहे. तेवढं तर जमेल ना मित्रांनो?