तंजावरचे सरफोजी राजे यांची विश्वरचना

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांची कीर्ती आज मुख्यतः सरस्वती महाल ग्रंथालयाशी निगडित आहे. विद्वानांचा आश्रयदाता, ग्रंथांचा संग्राहक आणि पाश्चात्त्य विद्येचा भोक्ता ही त्यांची प्रतिमा रूढ झाली असून ती यथार्थही आहे. त्यांच्या नावावर असलेल्या मराठी रचनांचा विचार मात्र बहुधा सुट्या कृतींची यादी म्हणूनच केला जातो. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राच्या अनुषंगाने या रचनांकडे परस्परांशी जोडलेले एक विश्व म्हणून पाहावयाचे आहे. अद्भुतकथांची मालिका रचणाऱ्या लेखकाला आरंभी तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात: त्या जगाचा भूगोल, त्यात वावरणारी पात्रे आणि त्या सर्वांना बांधणारा कालक्रम. सरफोजी राजांनी या तिन्ही अंगांवर निरनिराळ्या माध्यमांतून काम केले. त्यांच्या हाती प्रत्यक्ष राज्य जवळजवळ उरले नव्हते, ही गोष्ट या कामाच्या मुळाशी आहे.

सरफोजींना लाभलेला वारसा प्रथम लक्षात घेतला पाहिजे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांचे पुत्र शहाजी राजे यांनी १६८४ ते १७१२ या आपल्या कारकिर्दीत तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत नाट्यरचना केली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतील अगदी आरंभीच्या नाटकांपैकी एक होय. मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सांगण्याची प्रथा आहे. तंजावरची ही नाटके त्याच्या दीड शतक आधीची असून ती महाराष्ट्रातील अभ्यासकांना फार उशिरा ज्ञात झाली. या नाटकांत सूत्रधार आणि गणपतीचे आगमन यांसारखी अंगे पुनःपुन्हा येतात. एका नाटकाच्या प्रेक्षकाला दुसऱ्या नाटकाचे जग अनोळखी वाटत नाही. सरफोजी जन्मले तेव्हा ही परंपरा शतकभर जुनी झाली होती.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसल्यांच्या एका भाऊबंद शाखेत झाला. निपुत्रिक झालेल्या तुळजाजी राजांनी १७८७ च्या आरंभी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले. नऊ वर्षांच्या या मुलाच्या वतीने कारभार पाहावयाचा होता तो तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी. परंतु दत्तविधानालाच आक्षेप घेण्यात आला. मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने पंडितांचे मत मागविले, ते दत्तकाच्या विरुद्ध गेले आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. पुढील काही वर्षे सरफोजींनी राजवाड्यात जवळजवळ बंदिवासात काढली. आपण कोणाचे पुत्र आणि कोणत्या वंशाचे वारस, हा प्रश्न त्यांच्यापुढे असा बालपणीच उभा राहिला.

या अवस्थेतून त्यांना बाहेर काढण्यात जर्मन मिशनरी क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्स यांचा वाटा मोठा होता. त्यांच्या प्रयत्नांनी १७९३ साली सरफोजींना तुळजाजींच्या विधवांसह मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल आणि खगोल यांच्याशी त्यांचा परिचय झाला तो याच काळात. त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे असलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री हेही श्वार्त्स यांच्याच छत्राखाली वाढले. एकाच गुरूकडून भूगोल शिकलेल्या या दोघांनी पुढे त्याचा उपयोग एकाच काव्यप्रकारात केला. त्याचा विचार पुढे येईल.

दत्तविधानाचा प्रश्न कंपनी सरकारपुढे पुन्हा नेण्यात आला, नव्याने मागविलेली शास्त्रार्थाची मते सरफोजींना अनुकूल पडली आणि जून १७९८ मध्ये ते गादीवर बसले. श्वार्त्स यांचे निधन त्याच वर्षी फेब्रुवारीत झाले होते. राज्यप्राप्तीचे मोल लवकरच द्यावे लागले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये तंजावर राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, राजवाडा आणि भोवतालचा थोडा भाग राहिला. त्यांना वार्षिक एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा, असे ठरले. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते भूमीविना भूपती झाले. पुढील बत्तीस वर्षांतील त्यांचे सारे कार्य या तहाच्या छायेत झालेले आहे.

पहिली मोठी रचना कालक्रमाची झाली आणि ती दगडावर झाली. चोळसम्राट राजराजाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचे विस्तृत मराठी चरित्र कोरण्यात आले. त्याचा लेखक बाबूराय चिटणीस. भारतातील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. हे चरित्र वंशाची पूर्वपीठिका, शहाजी राजे, एकोजी अशा क्रमाने सरफोजींपर्यंत येऊन पोहोचते. त्यातील सनावळ्या सर्वत्र विश्वसनीय नाहीत, हे इतिहाससंशोधकांनी दाखविले आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. ज्याच्या पुत्रत्वावरच एकदा पंडितसभेचा प्रतिकूल निर्णय झाला होता, त्याला असा वंशक्रम कशासाठी हवा होता? या लेखात प्रत्येक पूर्वज पुढील पिढीची वाट तयार करतो आणि अखेरीस ती वाट सरफोजींपाशी येते. आख्यानातील कालक्रम येथे केवळ नोंदीचे काम करीत नाही, तो वारसाहक्काचा युक्तिवाद होतो. त्यासाठी स्थळही असे निवडले की राजराजाच्या तमिळ शिलालेखांच्या सान्निध्यात भोसल्यांची मराठी यावी.

याच सुमारास राजांनी नव्या विद्येची साधनेही उभी केली. ‘नवविद्या कलानिधी’ या नावाने त्यांनी शाळा आणि देवनागरी मुद्रणालय स्थापिले. इसापच्या कथांचा सख्खण पंडितांनी केलेला ‘बालबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद त्या मुद्रणालयातून १८०६ मध्ये निघाला. मराठीत मुद्रित झालेल्या अगदी पहिल्या देवनागरी पुस्तकांत त्याचा समावेश होतो. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग चालत आणि नेत्ररोग्यांची टिपणे चित्रांसह ठेवली जात. निरीक्षण करावे, नोंद ठेवावी आणि नोंदींना क्रम लावावा, ही त्यांच्या बुद्धीची ठेवण या सर्व उपक्रमांतून दिसते. त्यांच्या नाट्यातही तीच ठेवण आढळते.

भूगोलाची रचना त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात केली. कुरवंजी हा मूळ तमिळ प्रकार आहे. नायकाच्या विरहाने व्याकुळ झालेली नायिका, तिच्याकडे येणारी डोंगरी कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री आणि तिने सांगितलेले मीलनाचे भाकीत, हा त्याचा ठरीव सांगाडा. हात पाहण्यापूर्वी ही स्त्री आपल्या डोंगराचे आणि आपण पायाखाली घातलेल्या देशांचे वर्णन करते. मराठी वाचकाला येथे एकनाथांच्या भारुडातील जोशी आठवेल. तिची भटकंती हेच तिच्या ज्ञानाचे प्रमाण असते. सरफोजींनी नेमकी ही जागा हेरली. त्यांच्या नाटकातील नायिका इंद्राणी आहे आणि कुरवंजी तिला जे जग सांगते ते पृथ्वीगोलाचे आहे. आशिया, युरोप, आफ्रिका आणि अमेरिका या खंडांतील देश तिच्या तोंडून येतात.

वेदनायकम शास्त्री यांनी १८०० च्या सुमारास रचलेल्या ‘बेत्लेहेम कुरवंजी’त हीच युक्ती आढळते. तेथे नायिका ख्रिस्ताची वधू असून नव्या खगोलाचे आणि भूगोलाचे ज्ञान तिच्या कथेत गुंफलेले आहे. दोघांतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. वेदनायकम यांच्या काव्यात नवा भूगोल हा एका ईश्वराच्या सृष्टीचा पुरावा ठरतो आणि पौराणिक भूगोल त्याज्य ठरतो. सरफोजींच्या नाटकात इंद्राचा स्वर्ग जागच्या जागी राहतो. स्वर्गातील राणी पृथ्वीचा नवा नकाशा ऐकते आणि तिचे देवत्व त्यामुळे उणे होत नाही. मेरुपर्वत आणि अमेरिका यांपैकी एकाची निवड करण्याचा आग्रह राजांनी धरला नाही. दोन्ही जगांना एका रंगमंचावर उभे करणारे पात्र म्हणून त्यांनी समाजाच्या कडेला राहणारी, कोणत्याही दरबारात सहज शिरू शकणारी एक भटकी स्त्री योजिली.

येथे शिलालेख आणि नाटक शेजारी ठेवून पाहावेत. भिंतीवर परंपरेने आलेली वंशकथा इतिहास म्हणून कोरलेली आहे. रंगमंचावर पडताळून पाहता येईल असे ज्ञान कल्पित पात्राच्या मुखी घातलेले आहे. जेथे हक्क सिद्ध करावयाचा होता तेथे राजांनी दगडाची स्थिरता घेतली. जेथे शिकवावयाचे होते तेथे त्यांनी कल्पिताचे स्वातंत्र्य घेतले.

पात्रांची आणि प्रसंगांची साखळी कशी गुंफावी, याचा विचार त्यांच्या ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ या नृत्यरचनांत दिसतो. तमिळमधील ‘कोर्वै’ म्हणजे ओवलेली माळ. यातील प्रत्येक निरूपणात ‘जयजय’पासून ‘मंगळा’पर्यंत अठरा रचना क्रमाने येतात, त्या एकाच रागात आणि तालात बांधलेल्या असतात आणि सर्व मिळून एक कथा सांगतात. सुटे पद रंजन करील, पण कथा पूर्ण होण्यासाठी अठरांची गरज आहे. याच दरबाराशी संबंधित चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी नृत्याच्या कार्यक्रमाला जो क्रम दिला, तो आजच्या भरतनाट्यमचा पाया आहे. राजांच्या नावावरील रचनांत दरबारी पंडितांचा आणि नट्टुवनारांचा हात किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे काढता येत नाही. तंजावरच्या राजसाहित्याविषयी हा प्रश्न सर्वत्रच उद्भवतो. तथापि क्रमबद्धतेचा आग्रह इतक्या निरनिराळ्या कृतींत समान आहे की त्यामागे एक योजक मन मानणे अवास्तव होणार नाही.

हा योजक स्वतःही पात्र झाला. कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांच्या ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ या तमिळ रचनेत नायिका ज्याच्यासाठी झुरते तो नायक सरफोजीच आहेत. ही कुरवंजी बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी सादर करीत आणि ती प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. तंजावरच्या ख्रिस्ती मंदिरात इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याचे संगमरवरी शिल्प आहे. राजांनीच ते करवून घेतले. त्यात ते मरणशय्येवरील श्वार्त्स यांच्याजवळ शिष्यभावाने उभे आहेत. भिंतीवर वंशज, उत्सवात नायक, संगमरवरात शिष्य अशा तीन भूमिका एकाच व्यक्तीने एकाच नगरात धारण केल्या. एकीने दुसरीला बाधा आणली नाही.

१८२० साली कंपनीच्या संमतीने राजे काशीयात्रेस निघाले. जो देश ते ग्रंथांतून आणि नकाशांतून जाणत होते तो त्यांनी या प्रवासात पाहिला. काशीहून संस्कृत हस्तलिखिते आणि तेथील घाटांची चित्रे त्यांनी आणली. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या राजग्रंथालयाला आजचे रूप त्यांच्याच संग्रहाने आले. १८२६ च्या वसंतात बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा त्यांना इंग्रजी साहित्याशी आणि युरोपीय विज्ञानाशी परिचित असा हा राजा भेटला.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुषवारसाविना वारले आणि कंपनीने तंजावरची राजसत्ताच संपुष्टात आणली. ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. राजांच्या मराठी रचनांना मात्र महाराष्ट्रात वाचक मिळाला नाही आणि तंजावरात मराठी जाणणारा प्रेक्षक क्रमाने विरळ होत गेला.

तुलनेसाठी एक समकालीन उदाहरण घेता येईल. १८२६ साली, सरफोजी हयात असतानाच, इंग्लंडमधील हॉवर्थ या गावी ब्राँटी भावंडांनी लाकडी शिपायांच्या खेळातून एक कल्पित राज्य रचावयास आरंभ केला. त्याची भूमी त्यांनी आफ्रिकेच्या नकाशावर कल्पिली. राजवंश, युद्धे, नगरे आणि पुनःपुन्हा येणारी पात्रे यांनी ते जग वर्षानुवर्षे वाढत गेले. पुढे बाल्झाकने एका कादंबरीतील पात्रे दुसरीत आणण्याची पद्धत रूढ केली. या प्रयत्नांना साहित्येतिहासात नाव मिळाले, कारण ते एका भाषेत आणि एका माध्यमात होते. सरफोजींचे विश्व भिंत, रंगमंच, नृत्य आणि मुद्रण यांत विभागलेले असून ते मराठी आणि तमिळ या दोन भाषांत पसरले आहे. मराठीचा अभ्यासक नाटक पाहतो, तमिळचा अभ्यासक कुरवंजी पाहतो आणि इतिहासकार शिलालेख पाहतो. त्यामुळे त्या सर्वांना जोडणारी रचना कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. भारतीय साहित्यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्यांनी ती शोधावयास हवी. त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री तंजावरच्या राजवाड्यापासून बृहदीश्वराच्या मंदिरापर्यंतच्या अंतरात आजही उपलब्ध आहे.