बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स : लुप्त प्राण्यांचा शिल्पकार

नाताळच्या सुटीनंतर आमच्या वर्गांतील एका मुलानें शाळेंत एक मोठी चमत्कारिक वस्तु आणिली होती. त्याच्या काकांनीं पुष्कळ वर्षांपूर्वीं विकत घेऊन तशीच ठेवून दिलेली एक पेटी त्यास घरच्या माळ्यावर सांपडली. पेटींत टायरॅनोसॉरस नांवाच्या प्राचीन, अक्राळविक्राळ प्राण्याचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. मुलानें सारी सुटी खर्चून ते भाग घासले, जोडले, सांधे बुजविले आणि बारीक कुंचल्यानें खवल्याखवल्यास रंग दिला. परंतु दुसऱ्या एका वाचनप्रिय विद्यार्थ्यानें तो पुतळा पाहतांच सांगितलें कीं, हा प्राणी असा ताठ उभा राहून शेपटी जमिनीवर ओढीत नसे. त्याची पाठ आडवी असे व शेपटी अधांतरीं असे. तें म्हणणें खरें होतें. वर्ग हंसला, आणि त्या बिचाऱ्यानें आपला पुतळा कचऱ्याच्या टोपलींत टाकावयास काढिला. त्या दिवशीं मीं वर्गास ज्या गृहस्थांची गोष्ट सांगितली, त्यांचेंच चरित्र येथें थोड्या विस्तारानें देत आहें.

बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांचा जन्म लंडन शहरीं ता. ८ फेब्रुवारी १८०७ रोजीं झाला. विल्यम बेन्स नांवाच्या मूर्तिकाराजवळ त्यांनीं शिल्पकला शिकून घेतली. परंतु त्यांचें चित्त माणसांच्या पुतळ्यांपेक्षां पशुपक्ष्यांकडे अधिक ओढ घेई. चित्रकलेंतही त्यांचा हात चांगला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांतील अधिकारी थॉमस हार्डविक यांनीं आपल्या देशांतील प्राण्यांचीं पुष्कळ चित्रें जमविलीं होतीं. तीं ग्रंथरूपानें इंग्लंडांत प्रसिद्ध झालीं, तेव्हां त्यांतील अनेक चित्रें छापण्यासाठीं दगडावर उतरविण्याचें काम हॉकिन्स यांनीं केलें. चार्ल्स डार्विन हे आपल्या जगप्रसिद्ध जलप्रवासाहून परतले, त्यानंतर त्यांनीं आणिलेल्या मत्स्यांचीं व सरपटणाऱ्या प्राण्यांचीं चित्रेंही यांनींच काढिलीं. पुढें लिव्हरपूलजवळ नोस्ली येथें अर्ल ऑफ डर्बी यांच्या खाजगी प्राणिसंग्रहालयांत त्यांनीं कित्येक वर्षें जिवंत जनावरांचा अभ्यास केला. कातडीखालीं स्नायु कसा फुगतो, बसतांना गुडघा कोठें येतो, मान वळली म्हणजे घडी कशी पडते, हें सर्व त्यांनीं डोळ्यांनीं पाहून हातांत मुरविलें. हेंच ज्ञान पुढें त्यांच्या उपयोगीं पडलें.

त्या काळीं इंग्लंडांतील विद्वानांस एक नवीनच कोडें पडलें होतें. खडकांतून मोठमोठालीं हाडें व दांत सांपडत होते, पण ते कोणत्याही जिवंत प्राण्याशीं जुळत नव्हते. १८२४ सालीं विल्यम बकलंड यांनीं मेगॅलोसॉरसचें आणि १८२५ सालीं गिडियन मँटेल या डॉक्टरांनीं इग्वानोडॉनचें वर्णन प्रसिद्ध केलें. १८४२ सालीं रिचर्ड ओवेन या शारीरशास्त्रज्ञांनीं अशा प्राण्यांच्या वर्गास डायनोसॉर हें नांव दिलें. परंतु हा सारा व्यवहार पंडितांपुरता होता. सामान्य मनुष्यास एक दांत व एक मोडकें हाड दाखवून त्यावरून सबंध प्राणी डोळ्यांपुढें उभा करावयास सांगणें, हें घराची एक वीट दाखवून घर ओळखावयास सांगण्यासारखेंच होय.

ही उणीव भरून काढण्याचा योग लवकरच आला. १८५१ सालच्या महाप्रदर्शनासाठीं लंडनमध्यें लोखंड व कांच यांचा प्रचंड स्फटिकमहाल उभारला होता. प्रदर्शन संपल्यावर तो तेथून हालवून सिडनहॅम येथें नव्यानें बांधण्यांत आला. तेथील बागेंत तळ्याकांठीं लुप्त प्राण्यांच्या पूर्णाकृति मूर्ति बसवाव्या असें कंपनीनें ठरविलें, आणि १८५२ सालीं तें काम हॉकिन्स यांजकडे सोंपविलें. शास्त्रीय सल्ला देण्यास ओवेन होते.

हॉकिन्स यांची कामाची रीत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. उपलब्ध हाडांचीं मापें घेऊन ते प्रथम एक लहान नमुना करीत. तो शास्त्रज्ञांस दाखवून दुरुस्त करीत, आणि मग त्याच प्रमाणांत मातीची पूर्णाकृति मूर्ति घडवीत. एकट्या इग्वानोडॉनसाठीं सुमारें ३० टन माती लागली. त्या मातीवरून सांचा घेत व सांच्यावरून पक्की मूर्ति तयार करीत. त्या मूर्तीच्या पोटांत काय होतें याचा हिशेब त्यांनीं स्वतःच पुढें एका व्याख्यानांत सांगितला : नऊ फूट लांबीचे लोखंडाचे चार खांब, ६०० विटा, ६५० अर्धगोल नळकौलें, ९०० साधीं कौलें, ३८ पिंपें सिमेंट आणि ९० पिंपें खडी. हें सामान एखादें लहानसें घर बांधावयास पुरेल; फरक एवढाच कीं, हें घर चार पायांवर उभें करावयाचें होतें! शेवटीं कातडीवरच्या खवल्या कोरून मूर्तीस रंग देत. आज पेटींतील प्लॅस्टिकचे भाग जोडून रंगविणारा मुलगा जें काम टेबलावर करितो, तेंच काम हॉकिन्स यांनीं उघड्या बागेंत केलें.

ता. ३१ डिसेंबर १८५३ रोजीं हॉकिन्स यांनीं इग्वानोडॉनच्या सांच्याच्या पोटांतच जेवणाची पंगत मांडिली. सुमारें वीस विद्वान् व प्रतिष्ठित गृहस्थ आंत बसले होते, आणि प्राण्याच्या मस्तकाच्या ठिकाणीं ओवेन यांस मानाची जागा दिली होती. या मेजवानीची वार्ता वर्तमानपत्रांतून सर्वत्र झाली. ता. १० जून १८५४ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें स्फटिकमहालाचें उद्घाटन केलें, आणि ज्यांनीं कधीं शास्त्राचें पुस्तक हातीं धरिलें नव्हतें असे हजारों लोक, मुलांचे हात धरून, त्या प्राण्यांपुढें स्तब्ध उभे राहिले. हॉकिन्स यांच्या मूर्तींच्या लहान प्रतिकृतिही विक्रीस निघाल्या आणि शिक्षणाच्या कामीं आल्या. घरच्या टेबलावर ठेवावयाच्या आजच्या प्राचीन प्राण्यांच्या त्या पूर्वज म्हणाव्या लागतील. पुढच्याच वर्षीं, १८५५ सालीं, कंपनीनें खर्चाचा हात आखडला, आणि कांहीं मूर्ति अपुऱ्याच राहिल्या.

१८६८ सालीं हॉकिन्स अमेरिकेस गेले. न्यू जर्सी प्रांतांत हॅड्रोसॉरस नांवाच्या डायनोसॉरचीं हाडें सांपडलीं होतीं. फिलाडेल्फिया येथील विज्ञानसंस्थेंत, जोसेफ लायडी या शास्त्रज्ञांच्या साह्यानें, हॉकिन्स यांनीं त्या हाडांचा सबंध सांपळा उभा केला. जीं हाडें नव्हतीं तीं घडवून बसविलीं. डायनोसॉरचा सांपळा लोकांपुढें उभा राहण्याचा जगांतील हा पहिलाच प्रसंग होय. त्याच वर्षीं न्यूयॉर्क शहराच्या मध्यवर्ती उद्यानांत अमेरिकेंतील प्राचीन प्राण्यांचें एक भव्य संग्रहालय उभारण्याचें काम त्यांस मिळालें. हॉकिन्स यांनीं उद्यानांतच कारखाना थाटिला आणि वयाच्या साठीनंतर पुन्हां तरुणाच्या उमेदीनें माती मळावयास लागले.

परंतु नगराचा कारभार अप्रामाणिक लोकांच्या हातीं गेला. १८७० सालीं संग्रहालयाचें काम बंद करण्यांत आलें. ता. ३ मे १८७१ रोजीं कांहीं माणसें घण घेऊन कारखान्यांत शिरलीं, आणि त्यांनीं तयार मूर्ति, सांचे, लहान नमुने, सर्वांचा चुराडा केला. ते तुकडे उद्यानांतच पुरून टाकिले. तीन वर्षांचे श्रम त्या दिवशीं मातीस मिळाले. या कृत्याचा दोष फार वर्षें ट्वीड या कुप्रसिद्ध पुढाऱ्याच्या माथीं होता. परंतु २०२३ सालीं इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनीं जुनीं कागदपत्रें तपासून दाखविलें कीं, तो हुकूम उद्यानखात्याचे एक अधिकारी हेन्री हिल्टन यांचा होता. इतिहासाची दुरुस्तीही अशी दीडशें वर्षांनीं होऊं शकते.

अशा आघातानें दुसरा कोणी कायमचा खचला असता. हॉकिन्स खचले नाहींत. मूर्ति गेल्या, पण हात होते. त्यांनीं व्याख्यानें दिलीं, आणि पुढें न्यू जर्सी कॉलेजच्या, म्हणजे आजच्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या, संग्रहालयासाठीं प्राचीन जीवसृष्टीचीं १७ मोठीं चित्रें रंगविलीं. पुढें ते इंग्लंडांत परतले व तेथेंच १८९४ च्या जानेवारींत निवर्तले.

चरित्रकारानें नायकाचा दोष झांकूं नये, म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिली पत्नी हयात असतां त्यांनीं दुसरीशीं विवाह केला आणि तें सत्य कित्येक वर्षें लपवून ठेविलें. तें उघडकीस आलें तेव्हां त्या दोघी निरपराध स्त्रियांस व मुलांस त्याचे क्लेश भोगावे लागले. कुशल हात हा निर्मळ आचरणाचा पुरावा नव्हे, हें आम्हां मोठ्या माणसांसही पुन्हां पुन्हां शिकावें लागतें.

आतां त्यांच्या कलेंतील चुकीविषयीं. त्यांच्या इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखें एक शिंग आहे, आणि अंगलट जाड, चतुष्पाद जनावराची आहे. १८७८ सालीं बेल्जममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणींत इग्वानोडॉनचे तीसांहून अधिक सांपळे मिळाले. लुई डोलो यांनीं त्यांचा अभ्यास केल्यावर कळून आलें कीं, तें शिंग नाकावरचें नसून प्राण्याच्या हाताच्या आंगठ्याचें अणकुचीदार हाड होतें! हॉकिन्स यांच्या हयातींतच त्यांची कीर्तिमान् मूर्ति अशी चुकीची ठरली.

मग ती फोडून टाकावी काय? इंग्लंडच्या लोकांनीं तसें केलें नाहीं. १९३६ च्या नोव्हेंबरांत स्फटिकमहाल अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडला. परंतु तळ्याकांठच्या मूर्ति उरल्या, आणि २००७ सालीं तेथील सरकारनें त्यांस सर्वांत वरच्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंचा मान दिला. नाकावरचें शिंग अजून तेथेंच आहे. कारण ती चूक आळसाची नव्हे, कीं लबाडीची नव्हे. त्या वेळीं जेवढीं हाडें हातीं होतीं, तेवढ्यांवरून प्रामाणिक माणसानें जीव ओतून केलेलें तें काम आहे. पुढच्या विद्वानांस ती दुरुस्त करितां आली, कारण दुरुस्त करावयास कांहींतरी समोर उभें होतें. हिल्टनच्या माणसांनीं जें फोडिलें, त्यांत काय बरोबर होतें व काय चूक होतें, हें मात्र आज कोणासही सांगतां येणार नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा सुटींत रंगाचे डाग पाडीत असले राक्षस जोडीत बसला, तर वेळ फुकट गेला असें समजूं नये. प्रत्येक तुकडा कोठें व कां बसतो हा विचार करीत तो जेव्हां दोन भाग जुळवितो, तेव्हां तो हॉकिन्स यांच्याच पाठशाळेंत बसलेला असतो.

तो पुतळा टोपलींत गेला नाहीं. सध्यां तो शाळेच्या विज्ञानाच्या कपाटांत, शेपटी जमिनीवर टेकून, पूर्वीसारखाच उभा आहे. त्याच्या पायाशीं एक चिठ्ठी चिकटविली आहे. आज शेपटीविषयीं काय मानितात तें तींत लिहिलें आहे. मजकूर हंसणाऱ्या मुलानें सांगितला, आणि अक्षर पुतळा करणाऱ्या मुलाचें आहे.