पाणी अडवणाऱ्या नेत्याचा पाणथळ वारसा

नांदेडलगत विष्णुपुरी परिसरात, असर्जन येथे गोदावरी अडवून तयार झालेला जलाशय 'शंकरसागर' या नावाने ओळखला जातो. माजी मुख्यमंत्री डॉ. शंकरराव चव्हाण यांचे नाव या पाण्याला मिळाले, ते यथायोग्यच म्हणावे लागेल. त्यांची निम्मीअधिक राजकीय हयात गोदावरीचे पाणी मराठवाड्यात थांबवण्यात गेली.

१४ जुलै १९२० रोजी पैठण येथे एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या शंकररावांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली आणि पुढे नांदेडला कर्मभूमी मानले. नांदेडचे नगराध्यक्ष, १९५६ मध्ये उपमंत्री आणि राज्यनिर्मितीनंतर पाटबंधारे मंत्री असा त्यांचा चढता आलेख होता. शिस्तीच्या बाबतीत कोणाचीही गय न करणाऱ्या या नेत्याला राजकीय वर्तुळात 'हेडमास्तर' म्हणत, आणि त्यात कौतुकाइतकाच धाकही असे.

जायकवाडी धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावी व्हायचे होते. ते पैठणला आले, नाव मात्र जुनेच राहिले. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी लोकार्पण केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी शंकररावच होते. शंभराहून अधिक गावांना या धरणाची झळ बसली. सिंचनाच्या यशोगाथेत ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

आणखी एक गोष्ट घडली, जी कोणत्याही आराखड्यात नव्हती. नाथसागर विस्ताराने अफाट, पण उथळ आहे. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागले की काठाचा गाळ उघडा पडतो आणि त्यातील किडे, शंख-शिंपले, कोवळ्या पाणवनस्पती यांवर रोहित, चक्रवाक, करकोचे असे हजारो पक्षी पोसले जातात. दुष्काळी पठारावर एक नवी जीवसृष्टी उभी राहिली. १९८६ मध्ये शंकरराव पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्यांना पर्यावरणवादी ठरवणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांची दृष्टी शेतकऱ्याच्या बांधावर खिळलेली होती. तथापि उघड्या पडलेल्या त्याच गाळावर गाळपेर करणारा शेतकरी आणि चारा शोधणारा पक्षी समोरासमोर येतात. हा तिढा त्यांच्या धरणानेच निर्माण केला.

विष्णुपुरीचे स्वरूप निराळे. येथे पाणी बहुतांशी नदीपात्रातच साठते आणि पंपांनी उचलून कालव्यांत सोडले जाते. आशियातील मोठ्या उपसा सिंचन योजनांत तिची गणना होते. मात्र पात्रातील साठा मर्यादित, आणि त्यावरच नांदेड शहराची तहान अवलंबून.

केंद्रात गृह, संरक्षण, अर्थ अशी खाती सांभाळून शंकररावांचे २६ फेब्रुवारी २००४ रोजी निधन झाले. टंचाईच्या उन्हाळ्यात शंकरसागरातील पाणी पिण्यासाठी राखून ठेवावे लागते. अशा वेळी नदीकाठच्या कृषिपंपांची वीज तोडण्याची पाळी प्रशासनावर येते.