उफा फॉक्स : हलक्या नौकेचा शिल्पकार

पुणें शहर समुद्रापासून दूर आहे. तरी होडीचा नाद पुणेकरांस अगदींच अपरिचित नाहीं. मुळामुठेच्या कांठीं १८६८ सालीं बोट क्लब स्थापन झाला, आणि खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालविण्यास शिकतात. अशा लहान होडीस ज्यांच्या कल्पकतेनें नवा वेग लाभला, त्या उफा फॉक्स यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणावें.

फॉक्स यांचा जन्म १५ जानेवारी १८९८ रोजीं इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर, शर्यतीच्या नौकांसाठीं प्रसिद्ध असलेल्या काउज गांवीं झाला. तरुणपणीं त्यांनीं सॉन्डर्स यांच्या कारखान्यांत उमेदवारी केली. तेथें वेगवान यांत्रिक नौका व पाण्यावर उतरणारीं विमानें तयार होत. पाण्यावरून वेगानें धांवणाऱ्या वस्तूचा तळ कसा असावा, हें ज्ञान त्यांस तेथेंच मिळालें.

त्यांचा स्वभाव मोठा साहसी. सागरी बालवीरांचे नायक असतां त्यांनीं मुलांस एका उघड्या नौकेंतून थेट फ्रान्सला नेलें. मुलांच्या पालकांस याची कल्पनाहि नव्हती! हें साहस अनुकरणीय खास नव्हे. परंतु समुद्राचें त्यांचें वेड किती उत्कट होतें, तें यावरून दिसतें.

सामान्य होडी पाणी दूर लोटीत चालते. तिच्याच गतीनें उठलेली लाट तिची वाट अडविते, आणि कांहीं मर्यादेपलीकडे तिचा वेग वाढत नाहीं. चपटी ठिकरी तिरपी फेंकली असतां पाण्यावरून टप्पे घेत जाते, हें मुलांच्या परिचयाचें आहे. होडीहि अशीच पाण्याच्या पृष्ठावरून कां न धांवावी? फॉक्स यांनीं पुढचा भाग निमुळता व मागचा सपाट असा हलका तळ योजिला, आणि चौदा फूट लांबीची ‘अ‍ॅव्हेंजर’ नामक होडी बांधली. १९२८ सालीं ती ५७ शर्यतींत उतरली व त्यांपैकीं ५२ तिनें जिंकल्या. एवढ्याशा होडीनें सोबत्यांसह खाडी ओलांडून ते फ्रान्समधील शर्यतीसही जाऊन आले.

यश मिळालें तरी राहणी विक्षिप्तच होती. नदी ओलांडण्याची एक निकामी तर विकत घेऊन त्यांनीं तींत आपलें घर व कारखाना थाटला होता.

पुढें दुसरें महायुद्ध पेटलें. विमान पाडलें गेल्यावर वैमानिक समुद्रांत पडत. रबरी तराफ्यावर जीव तगला तरी किनारा गांठण्याचें साधन नसे. कित्येक जण थंडीनें व तहानेनें प्राणास मुकत. तेव्हां फॉक्स यांनीं विमानाच्या पोटाखालीं बसेल व हवाई छत्र्यांच्या साहाय्यानें खालीं सोडतां येईल अशी लांकडी जीवनौका रचिली. तींत शीड व इंजिन दोन्ही होतीं. ५ मे १९४३ रोजीं उत्तर समुद्रांत अडकलेल्या एका विमानाच्या चमूस अशी नौका प्रथम सोडण्यांत आली, आणि ते सर्व वांचले. शर्यतीच्या छंदांत हाताला लागलेलें हलकेपणाचें रहस्य आतां मृत्यूच्या दाढेंतून माणसें ओढून काढूं लागलें.

युद्धानंतर त्यांनीं ‘फायरफ्लाय’ नांवाची बारा फुटी होडी आंखली. १९४८ च्या ऑलिंपिक सामन्यांत एकट्यानें चालवावयाच्या शर्यतीस हीच होडी निवडली गेली, व पॉल एल्व्हस्ट्रॉम या वीस वर्षांच्या डॅनिश तरुणानें तींत सुवर्णपदक मिळविलें. पुढील तीन ऑलिंपिक सामन्यांतहि त्यानें सुवर्णपदकें जिंकलीं. फॉक्स २६ ऑक्टोबर १९७२ रोजीं निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, फॉक्स यांनीं होडीवर प्रेम केलें तें खेळासाठीं. पण वेळ येतांच तेंच कौशल्य त्यांनीं बुडत्यांच्या सेवेस वाहिलें. आपल्या मुलाचा एखादा छंद पाहून पालकांस कधीं वाटतें, हा वेळ वायां दवडतो. अभ्यास सोडूं नये हें खरेंच. तथापि मन लावून व नीट समजून केलेला छंद ही ईश्वरानें दिलेली ठेव आहे. ती केव्हां व कोणाच्या उपयोगीं पडेल, हें आधीं कोणास सांगतां येत नाहीं. आपण ती तयार ठेवावी, एवढेंच आपल्या हातीं आहे.