ध्वनीला दिशा देणारे पॉल लांझव्हँ

वरळीच्या बीडीडी चाळीतील गर्भवती परळच्या रुग्णालयात सोनोग्राफीसाठी जाते, तेव्हा तिच्या पोटावर टेकवल्या जाणाऱ्या प्रोबचे मूळ पहिल्या महायुद्धातील पाणबुड्यांच्या शोधात असल्याची कल्पना फारच थोड्यांना असते. ते संशोधन करणारे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांझव्हँ यांचा जन्म २३ जानेवारी १८७२ रोजी पॅरिसमध्ये झाला. पिएर क्युरी हे त्यांचे गुरू. दाब दिल्यास क्वार्ट्झच्या स्फटिकावर विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. उलट, वीज दिली की तोच स्फटिक कंप पावतो.

जर्मन पाणबुड्यांनी समुद्रात उच्छाद मांडला असताना, १९१५ मध्ये लांझव्हँ यांनी रशियन अभियंता चिलोव्स्की यांच्या कल्पनेवर काम सुरू केले. साधा ध्वनी पाण्यात चहूकडे पांगतो. लहरीच्या लांबीपेक्षा ती सोडणारी तबकडी बरीच मोठी असेल, तरच झोत अरुंद राहतो. म्हणून त्यांनी सेकंदाला सुमारे ४० हजार कंपनांचा, कानांना ऐकू न येणारा ध्वनी निवडला. त्याची लहर पाण्यात चार सेंटिमीटरहूनही आखूड असते. क्वार्ट्झच्या चकत्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये बसवून त्यांनी हा झोत साधला. १९१८ मध्ये पाणबुडीवरून आलेला प्रतिध्वनी त्यांना मिळाला. झोतात सापडलेले मासे मरतात, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

वैद्यकाने हेच तत्त्व सौम्य करून स्वीकारले. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. आजच्या प्रोबमध्ये क्वार्ट्झऐवजी सिरॅमिकच्या अनेक बारीक पट्ट्या असतात. सेकंदाला ३५ लाख कंपने असतील, तर शरीरातील लहर अर्ध्या मिलिमीटरहून आखूड होते. कडेच्या पट्ट्या आधी आणि मधल्या किंचित उशिरा कंपित केल्या की साऱ्या लहरी हव्या त्या खोलीवर एकाच वेळी पोहोचतात. तिथेच झोत एकवटतो आणि चित्र स्पष्ट उमटते.

लांझव्हँ फॅसिझमचे कट्टर विरोधक होते. ऑक्टोबर १९४० मध्ये नाझींनी त्यांना अटक केली व पुढे त्र्वा येथे नजरकैदेत ठेवले. जावई जाक सोलोमाँ यांना १९४२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या, तर कन्या एलेन यांना आउशवित्झला धाडण्यात आले. त्या वाचल्या. लांझव्हँ १९४४ मध्ये स्वित्झर्लंडला निसटले. १९ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

युद्धासाठी घडलेले त्यांचे साधन प्रसूतिगृहात आले आणि असंख्य माता-बालकांना आधार झाले. गर्भातील मुलगी ओळखून तिला नाकारण्यासाठीही त्याचा वापर झाला. या प्रवृत्तीला रोखण्यासाठी गर्भलिंगनिदानविरोधी कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. विज्ञानाच्या वापराची जबाबदारी समाजाने उचलावी, यासाठी लांझव्हँ आयुष्यभर झटले होते.